डब्यावरचा हिरवा ठिपका

आमच्या घरात मटण शिजत नाही. शिजत असतं तर हे काहीच घडलं नसतं, आणि मला लिहायलाही काही उरलं नसतं.

मी सुभेदाराची मुलगी. माझं माहेर साताऱ्याजवळचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव. वडील सुट्टीवर आले की वार कुठलाही असो, पातेलं चुलीवर चढायचं. सासर कोरेगावच्या बाजूला, ऊस आणि आल्याचं रान असलेलं. लग्न झालं तेव्हा आमचे हे माझ्याहून जास्त खाणारे होते. जत्रेला भावकीत मोठं पातेलं चढलं की मीठ बघायला यांनाच बोलवायचे. हे वाटीत रस्सा घेणार, डोळे मिटणार, जरा वेळ तसेच उभे राहणार आणि मग सांगणार, "चिमटीभर टाका अजून." सगळे ऐकायचे. गावात कुणाला कशाचा मान असतो, यांना मिठाचा होता.

मग लेक झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. साताऱ्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर काही नीट बोलायला तयार नव्हते. मी आत खाटेवर, हे बाहेर बाकावर. एक दिवस सकाळी हे आत आले तर गळ्यात तुळशीची माळ. "घातली," एवढंच म्हणाले. मला विचारायचंही त्राण नव्हतं. पुढे लेक घरी आली, बाळसं धरायला लागली, तेव्हा एकदा यांनी सांगितलं. "ती जगली तर जन्मात वशाट तोंडाला लावणार न्हाई, आसं बोललोय. पोरीला कवा सांगू नगंस. तिच्या डोक्यावर वझं कशाला?"

मी सांगितलं नाही. पण एक खरं सांगते, माळ यांनी घातली आणि जीभ माझी बांधली गेली. माळकऱ्याच्या घरात मटण-मासे चुलीवर चढत नाहीत, मग बाकीच्यांना हवं असो वा नसो. मला हवं असायचं. मी माहेरी जायची, पोटभर खायची, आणि आंघोळ करून परत यायची. हे काही बोलायचे नाहीत. फक्त रात्री जेवताना, आपल्या भाकरीकडे बघत विचारायचे, "कसं झालंतं?"

"बरं झालंतं."

"मीठ?"

"कमी हुतं जरा," मी दर वेळी सांगायची. मग त्यांना बरं वाटायचं.

ज्या लेकीला डॉक्टर हात लावायला घाबरत होते, ती मोठी होऊन वजनं उचलायला लागली. कुणी ठरवून केलं नाही. शाळेत गोळा फेकायची, कॉलेजला सांगलीला गेली, तिथे कुणीतरी तिच्या हातात लोखंडी बार दिला आणि ती त्याचीच झाली. सांगलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सकाळ-संध्याकाळ जिम, मधल्या वेळात कॉलेज. पहिल्यांदा मी तिला बार उचलताना बघितलं तेव्हा डोळे झाकून घेतले होते. ह्यांनी नाही झाकले. हे तिच्या पायांकडे बघत होते. "पाय बग कसं रवल्यात," असं मला म्हणाले.

वजन उचलायचे दोन प्रकार असतात. एकात बार जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा. दुसऱ्यात आधी खांद्यावर घ्यायचा, दम घ्यायचा आणि मग वर ढकलायचा. ह्या दुसऱ्यात आमची लेक एका आकड्यावर अडकली. एक अख्खं वर्ष तोच आकडा. त्यावर थोडं चढवलं की बार खांद्यापर्यंत यायचा आणि तिथून खाली. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. जेठात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि त्या आकड्यावर कुणी तिची निवड करणार नव्हतं. फोनवर तिचा आवाज बारीक झाला की मी ओळखायची, आजही बार पडला.

तिचे सर तरुण आहेत. स्वतः उचलायचे, गुडघा गेला म्हणून आता शिकवतात. त्यांनी तिला आधी अंडी खायला सांगितली. तिने खाल्ली आणि तशीच बाहेर काढली. जन्मात कधी पोटात गेलेलं नाही, वासच सोसत नाही. दूध, डाळ, सोयाबीन, शेंगदाणे हे सगळं चालूच होतं. मग चैत्राच्या आधी सरांनी सांगितलं, क्रिएटिनची पावडर सुरू करू. खोलीवरच्या तिघींनी मिळून एक मोठा डबा आणला आणि वाटून घेतला.

गावच्या जत्रेला लेक घरी आली. पिशवीतून कॉफीची जुनी बाटली निघाली आणि तिच्यात तिच्या वाट्याची पांढरी पावडर. मी बोटावर घेऊन चाखली. ना गोड, ना खारट, ना कडू. "ह्यात हाय काय?" मी विचारलं.

"जोर," ती म्हणाली आणि हसली. मग सांगितलं की रोज एक छोटा चमचा पाण्यात ढवळून घ्यायचा. झटका देऊन जे उचलायचं असतं, त्याला हे कामी येतं. जिथे चार वेळा उचलून दम संपतो तिथे पाचवी खेप होते, आणि त्या जादा खेपांनीच हळूहळू ताकद वाढते. नुसतं खाऊन बसलं तर काही होत नाही. सुरुवातीला अंगात थोडं पाणी धरतं, वजन जरासं वाढतं, त्यामुळे आपल्या वजनगटाच्या आत राहतोय ना एवढं बघायचं. मला तर तिचा चेहरा भरलेला दिसला म्हणून आनंदच झाला होता. ते पाणी आहे म्हटल्यावर मी जरा हिरमुसले.

जत्रेच्या दिवशी आमच्या आळीत घरोघर रस्सा शिजतो आणि आमच्याकडे पुरण. सगळी भांडी पुरणात आणि कटात अडकलेली. सकाळी लेकीला पावडर ढवळायला काही मिळेना, म्हणून तिने देवघराबाहेरचा यांचा तांब्याचा तांब्या उचलला, त्यात कोमट पाणी घेतलं, चमचा फिरवला आणि पिऊन पळायला गेली. ही पावडर पूर्ण विरघळत नाही, थोडी तळाशी बसते. पूजा आटोपून हे बाहेर आले. त्यांनी माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि न बघता घटाघटा प्याले.

"पाण्यात कच लागतीया," म्हणाले.

मी पुरण वाटत होते. "माठ तळाला गेला आसंल," असं मी न बघता म्हटलं.

संध्याकाळी पालखी येऊन गेली. शेजारून भाजलेल्या मसाल्याचा वास येत होता. माझं लक्ष त्या वासात होतं, लेकीने ते बघितलं आणि मला चिडवायला लागली. "आई, तुझं बरंय. तुला माहेर हाय. सर म्हणत होते, ही पावडर जी असती ना, तीच मटणात आणि मासळीत असती. खाणाऱ्यांच्या अंगात आपोआप जाती. आपल्याला बाटलीतनं घ्यावी लागती. आज सकाळी आप्पांच्या तांब्यातनं घेतली मी, आप्पांना पण जोर येणार."

हे ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. "त्यात ऱ्हायली हुती व्हय?" एवढंच विचारलं.

"तळाला राहते थोडी. का?"

हे उठून आत गेले. परत आले तेव्हा गळा मोकळा होता. इतक्या वर्षांत मी तो गळा तसा बघितलाच नव्हता. उन्हाने रापलेल्या मानेवर माळेच्या जागी एक फिकट रेघ होती. मला ती बघवेना. लेकीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि आल्यावर तिचा चेहराच उतरला.

"आप्पा, तसं नाही. ते मटणापासनं बनवत नसतील. मला वाटत नाही."

"वाटत न्हाई, का ठावं हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. बाटली कॉफीची होती, पावडरीचं तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मोबाइलवर शोधलं तर एका जागी हे, दुसऱ्या जागी ते. तिने ती बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "मग मी नाही घेत."

"तू का सोडतीस? तू घे. माझं मी बघतो."

"तुमची माळ मोडून मला नको."

"आगं, तुझ्या जोराचं हाय ते."

आता ह्याच्यावर कुणी काय बोलायचं? हे तिला घे म्हणत होते आणि स्वतः माळ उतरवून बसले होते. ती त्यांना माळ घाला म्हणत होती आणि स्वतः पावडर सोडून बसली होती. घरात भांडण असतं तर मी दोघांनाही फैलावर घेतलं असतं. पण दोघंही एकमेकांना चांगलंच बोलत होते, त्यामुळे मला रागवायलाही जागा नव्हती. मी रागावलेच. ताटं जरा आपटून वाढली.

माझा राग खरा यांच्यावर होता. मला वाटलं, हा सगळा सोवळेपणा आहे. चिमूटभर कच पोटात गेली, तीही न कळत, आणि माणूस माळ उतरवून सुतकात बसल्यासारखा बसतो. पोरीचं शेवटचं वर्ष, आणि तिच्यासमोर हे असलं. रात्री मी तसं बोलूनही दाखवलं. "तुमची माळ मोठी का तिचं वरीस मोठं?"

यांनी अंथरूण घातलं. मग म्हणाले, "उद्या देवीला कळ्या लावतो."

आमच्या गावात हे आहे. कुठला निर्णय होत नसला, जमीन घ्यायची असो, सोयरीक असो, बोअर कुठे मारायची हे असो, की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या कळ्या चिकटवतो. माणसाने आपलं म्हणणं गुरवाच्या कानात सांगायचं आणि गुरवाने ते मोठ्याने देवीला सांगायचं. मग वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या वडिलांनी आयुष्यात असलं काही केलं नाही. ते म्हणायचे, वरून ऑर्डर येईपर्यंत थांबणारा माणूस फौजेत चालतो, घरात नाही. तरी मी यांच्याबरोबर गेले, कारण लेक दारात उभी राहून बघत होती.

जत्रेची गर्दी ओसरली होती. गाभाऱ्यात खोबऱ्याचा आणि तेलाचा वास. गुरवाने कळ्या लावल्या. हे पुढे होऊन त्याच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलले. मी मागे खांबाला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, विचारा आता तुमच्या माळेचं.

गुरवाने हात जोडून आवाज चढवला. "आई, तुझं लेकरू तुझ्या पुढ्यात उभं हाय. ह्येच्या पोटात न कळत वशाट गेलं का काय, ह्येला ठावं न्हाई. माळ मोडली आसंल तर मोडू दे, ह्यो पुन्यांदा घालंल. पर ज्या पोरीच्या जिवापायी ती घातली हुती, त्या पोरीच्या जिवाला धक्का लागायचा न्हाई ना? लागणार नसंल तर उजवी दे. आन ती पावडर पोरीनं खाल्ली तर तिला काय व्हणार नसंल, तरीबी उजवी दे."

मी खांब सोडून नीट उभी राहिले.

मला वाटत होतं, तो नवस कधीच फिटला. पोरगी जगली, वाढली, तिचे दंड माझ्या मांडीएवढे झाले. माझ्या लेखी ती माळ आता यांची सवय होती, भजनातला मान होता, माझ्या जिभेवरचं बंधन होतं. यांच्या लेखी तसं नव्हतं. यांच्या लेखी ती पोरगी अजून त्या माळेवरच जगत होती. रोज सकाळी माळेला हात लावून हे जे डोळे मिटायचे, ते पांडुरंगासाठी असेल असं मी समजत होते. दवाखान्यातल्या बाकावरचा तो माणूस इतकी वर्षं तिथून उठलेलाच नव्हता, आणि मी त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

कळ्या पडेनात. गुरवाने दोनदा पाणी शिंपडलं. माझे गुडघे दुखायला लागले. मग दोन्ही कळ्या एकदमच सुटल्या आणि देवीच्या पायाशी पडल्या.

"हे काय आता?" मी विचारलं.

गुरव मान हलवत म्हणाला, "एका टायमाला एकच इचारायचं आस्तंय, वैनी. आप्पांनी दोन इचारलं, तिनं दोनी दिलं. आन आई तरी काय सांगणार? ती वस्तू तिनं बगितली न्हाई. जिन्नस घिऊन या, पुढ्यात ठेवा, मग इचारू."

कौल असा वाया गेला. पण मला त्याचं बोलणं पटलं. जिन्नस बघायला हवा होता. मी घरी येऊन लेकीला म्हटलं, "मोठा डबा कुठं हाय?"

"सांगलीला. खोलीवर."

"मग चला. फोटो बघून त्येंचं समाधान व्हायचं न्हाई."

कोरेगावच्या स्टेशनवरून आम्ही तिघं गाडीत बसलो. हे खिडकीशी. माळ त्यांनी रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवली होती आणि गाडी हलली की हात खिशावर जायचा. लेक मोबाइलमध्ये बघत होती, पण तिचा अंगठा हलत नव्हता. मी शेंगा सोलून दोघांना देत होते. दोघंही घेत होते, कुणी खात नव्हतं. शेवटी मीच खाल्ल्या.

आम्ही थेट जिममध्येच गेलो. मैत्रिणीने खोलीवरून डबा आणून सरांकडे दिला होता. पत्र्याचा मोठा हॉल, खाली लाकडी फळ्या, भिंतीला टेकून लोखंडी प्लेटा. सरांनी आम्हाला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि यांचं बोलणं सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. मला त्यांचं तेवढ्यावरूनच बरं वाटलं.

"आप्पा, हे बघा," त्यांनी डबा फिरवला. "हा हिरवा ठिपका. चौकोनात हिरवा म्हणजे शाकाहारी. मांसाहारी असतं तर तांबडा असता. हे कारखान्यात बनवतात, रसायनांपासून. कुठल्या जनावराचा ह्यात संबंध नाही."

ह्यांनी डबा हातात घेतला आणि उजेडासाठी दारात गेले. नखाने तो ठिपका खरवडून बघितला, चिकटवलेला आहे की छापलेला. छापलेला होता. मग डबा उलटा करून खालूनही बघितला.

"आन हिच्या किडनीला? लोकं म्हंत्यात पावडर खाऊन पोरं बाद व्हत्यात."

"तपासणी करून घेतली आहे तिची. किडनी धडधाकट असली आणि मापात घेतलं, पाणी भरपूर प्यालं, तर ह्याची भीती नाही. बाद होतात ती बाजारातलं कायबाय खाऊन, डब्यात एक आणि आत भलतंच. म्हणून तर मी कुठलाही डबा आणू देत नाही."

हे परत येऊन बसले. चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. चहाचा एक घोट घेतला. तेवढ्यावर उठलो असतो तर सगळं सरळ झालं असतं. पण ह्यांना राहवलं नाही. "मग मटणात आस्तं म्हंत्यात ते?"

सर मोकळ्या मनाने सांगायला लागले. "असतंच की. थोडं आपलं अंग स्वतः बनवतं, थोडं मटण-मासळीतनं मिळतं. जे खात नाहीत त्यांच्या अंगात जरा कमी साठलेलं असतं. म्हणून पावडर घेतली की त्यांना फरक जास्त दिसतो. ताईचं तसंच होईल बघा."

ह्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आमच्या घरात शिजत न्हाई म्हणून हिला कमी पडलं."

"तसं नाही आप्पा, कमी पडलं असं नाही."

"वरीसभर अडकलीया ती. माझ्यापायी."

सर गोंधळले. लेक म्हणाली, "आप्पा, असं काय बोलता? तुम्ही खाल्लं असतं तरी मी खाल्लं नसतं. तुमची माळ आहे, तुमची भक्ती आहे. माझं काय त्यात?"

आणि मी बोलले. इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, यांनी शब्द घेतला होता, पण आता ही दोघं माझ्यासमोर एकमेकांचं ओझं चुकीच्या बाजूने उचलत होती आणि ते मला सहन होईना. "भक्ती न्हाई गं ती," मी म्हटलं. "तू पेटीत हुतीस. डॉक्टर बोलंना. तवा घातलीया त्यांनी. तुझ्यापायी. मटणावर जीव हुता ह्या माणसाचा."

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला नगं म्हणलं हुतं." रागाने नाही म्हणाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

लेक रडेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीकडे गेली, प्लेटा चाळल्या आणि परत आली.

"आप्पा, किती होतं माझं वजन? तेव्हा?"

"सव्वा किलो. तेबी पुरं न्हवतं म्हंत हुत्या नर्सबाई."

तिच्या हातात सगळ्यात लहान प्लेट होती. बारच्या टोकाला शेवटी लावतात ती, सव्वा किलोची. तिने ती यांच्या हातात ठेवली. "एवढी?"

ह्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. एका हाताने सहज उचलली जाते ती वस्तू, पण ह्यांनी खालून ओंजळ धरली. "व्हय," म्हणाले. "एवढीच."

मग ती प्लेट बाकावर ठेवून हे बाहेर नळावर गेले. हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माळ गळ्यात घातली. माळ मोडलीच नव्हती, त्यामुळे कुणाकडून घालून घ्यायची गरज नव्हती. आत आले तेव्हा लेकीने डब्यातली पावडर पाण्यात ढवळून घेतली होती आणि त्यांच्याकडे बघत प्याली.

जेठातली चाचणी त्याच हॉलमध्ये झाली. आम्ही दोघं मागच्या बाकावर. पहिल्या खेपेला लेकीने तो जुना, अडकलेला आकडा लावला आणि उचलला. दुसऱ्या खेपेला बारच्या दोन्ही टोकांना एकेक लहान प्लेट चढली. आता मला त्या प्लेटा ओळखू येत होत्या. यांनी माझं मनगट धरलं. बार खांद्यावर आला, ती खाली बसली, उठायला वेळ लागला, आणि मग वर ढकलताना कोपर वाकलं. बार पडला. तिसऱ्या खेपेला तेवढंच वजन. ह्या वेळी मी डोळे झाकले नाहीत. बार वर गेला आणि वरच राहिला, पंचांनी खुणावलं तेव्हाच खाली आला. हे उठून उभे राहिले होते आणि त्यांचा हात माळेवर होता.

राज्याच्या संघात तिचं नाव राखीव म्हणून लागलं. ती म्हणाली, राखीव म्हणजे अर्धंच. मी म्हटलं, अर्धं तर अर्धं, काल तेही नव्हतं. पावडरीने किती केलं, सरांनी किती केलं आणि तिच्या रोजच्या खेपांनी किती केलं, हे मला सांगता येणार नाही. हे मात्र सगळं श्रेय देवीला देऊन मोकळे झाले. रिकामा झालेला डबा घेऊन देवळात गेले. गुरव कळ्या आणायला उठला तर त्याला म्हणाले, "बस. इचारायचं न्हाई कायबी. दाखवायला आणलाय."

आता लेक सुट्टीला घरी येते तेव्हा मला त्या पावडरीला हात लावायची मुभा नाही. पूजा झाली की हे आपला तांब्या घासून घेतात, चुलीवरचं कोमट पाणी ओततात, छोटा चमचा भरून काठावर बोटाने सपाट करतात आणि बराच वेळ ढवळत बसतात. ती पळून घामाघूम होऊन येते, ओट्यावर टेकते आणि तिथेच पिते. तरीही तळाशी थोडी राहतेच.

हे तांब्या तिच्या हातातून घेतात, माठातलं पाणी त्यात ओततात, जरा हलवतात, आणि ती कच पिऊन टाकतात.